भरलेली वाटी

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. डावीकडे तीन नावं: नूरी, सुलतान, टिकली. वर चार रकाने: फजर, जोहर, मगरिब, इशा. प्रत्येक चौकटीत ग्रॅमचे आकडे. घरी येणारं कुणीही पाणी प्यायला फ्रिजपाशी गेलं की तो कागद वाचतं आणि हसतं. ईदला आलेल्या मामूंनी तर चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, "आम्ही सात भावंडं खेडला एका थाळ्यात जेवलो. कुणी किती खाल्लं ते आईलाही ठाऊक नसायचं. आणि ही मांजरं बघ, ग्रॅममध्ये जेवतात!"

सगळे हसले, मीही हसले. मामू गेल्यावर अम्मी भांडी आवरता आवरता म्हणाली, "सातांत मी धाकटी. माझ्या वाट्याला कायम बांगड्याचं शेपूटच यायचं. दादाला कसं आठवणार ते?"

त्या कागदाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मांजरांचे फोटो टाकले की लोक बदाम पाठवतात, पण त्यांच्या जेवणाच्या वेळा ठरवल्यात म्हटलं की "जास्तच लाड चाललेत" असं ऐकू येतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. लाड आम्ही आधी करत होतो. दिवसभर भरलेली वाटी, मागेल तेव्हा मूठभर दाणे, जेवताना ताटातला तुकडा. त्या लाडांनी आमची राणी गेली.

राणी नूरीची मुलगी. जाडजूड, पांढरी-पिवळी, फारशी कुणाच्या अंगाशी न येणारी. तेव्हा घरात तीच आणि सुलतान अशी दोन मांजरं समोर असायची. नूरी बहुतेक वेळ अम्मीच्या खोलीत, तिचं जेवणही तिथेच. बाहेरच्या खोलीत एक मोठी वाटी होती. माझा नवरा सकाळी कामाला जाताना ती भरायचा, मी रात्री भरायचे. वाटी रिकामी दिसली की बरं वाटायचं, मांजरं जेवताहेत. भरलेली दिसली तरी बरं वाटायचं, त्यांना कमी नाही. म्हणजे वाटी कशीही असली तरी आम्हाला बरंच वाटत होतं.

मग चुलतभावाच्या लग्नाला आम्ही चार दिवस खेडला गेलो. शेजारच्या भाबींनी रोज दोनदा येऊन वाटी भरली, पाणी बदललं, माती साफ केली. त्यांनी सांगितलेलं सगळं चोख केलं. परत आलो तर सुलतान दारात, आणि राणी पलंगाखाली. दुसऱ्या दिवशीही पलंगाखालीच. ओढून काढली तेव्हा तिच्या कानांची आतली बाजू आणि हिरड्या पिवळ्या दिसल्या. डॉक्टरांनी तोंड उघडून मागची सडलेली दाढ दाखवली. दाढ दुखत असल्यामुळे तिने खाणं सोडलं होतं, आणि तिच्या वाटणीचं सुलतान फस्त करत होता. वाटी नियमाने रिकामी होत होती, नियमाने भरली जात होती.

मांजराचं शरीर उपास सोसणारं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस महिनाभर रोजे धरतो, कुत्राही दोनेक दिवस न खाता तग धरतो. मांजराने, त्यातही लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी भराभर यकृतात येऊन साठते आणि यकृत बंद पडू लागतं. नळीने अन्न देऊन पुष्कळ मांजरं वाचतात. राणी नऊ दिवस लढली आणि गेली. ती नेमकी कधीपासून जेवत नव्हती, असं डॉक्टरांनी विचारलं. तिघंही तिथे उभे होतो, तिघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. आम्ही लग्नाला जायच्या आधीपासूनच ती जेवत नसेल का? माहीत नाही. हे "माहीत नाही" मला अजून सलतं.

आता घरातली तीन. नूरी चौदा वर्षांची आहे आणि तिच्या किडन्या अर्ध्याहून अधिक थकल्या आहेत. तिच्या जेवणात फॉस्फरस कमी हवा, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची हवीत, आणि पोटात पाणी जायला हवं. सुलतान सहा वर्षांचा, नसबंदी झालेला, साडेसहा किलोचा. मागच्या उन्हाळ्यात त्याची लघवी तुंबली होती. बोक्यांमध्ये ही तक्रार बरीच आढळते, आणि ती "उद्या बघू" म्हणण्यासारखी नसते. एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याला वजन उतरवायचं आहे, ओलं अन्न जास्त आणि दाणे कमी खायचे आहेत. तिसरी टिकली, पाच महिन्यांची, अंधेरी स्टेशनबाहेर एका रिक्षाच्या सीटमागे सापडली. तिची हाडं वाढताहेत. तिला नेमकं तेच भरपूर हवं जे नूरीला वर्ज्य आहे: प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस, चरबी.

आणि अर्थातच नूरीला टिकलीचं खाद्य आवडतं, टिकलीला सुलतानचं आवडतं आणि सुलतानला सगळ्यांचं आवडतं.

अशा घरात एक मोठी वाटी म्हणजे काय होतं ते उघड आहे. तिघांना एकच खाद्य द्यायचं तर कुठलं? नूरीचं दिलं तर टिकलीची वाढ खुंटेल. टिकलीचं दिलं तर नूरीच्या किडनीवर भार येईल आणि सुलतान दरवाजातून मावणार नाही. "सगळ्यांना सारखं" हे ऐकायला छान वाटतं, समतेचं वगैरे वाटतं. आमच्या घरात सारखं वाढणं म्हणजे तिघांपैकी दोघांना रोज थोडं थोडं आजारी पाडणं आहे.

मग वेळा ठरवल्या. त्यात मुख्य गोष्ट वेळ नव्हेच, दार आहे. आमचं घर एक बेडरूम-हॉल-किचन, अंधेरीतल्या जुन्या बिल्डिंगमधलं. तीन मांजरांना तीन बंद दारं मिळतात: स्वयंपाकघरात नूरी, बाथरूममध्ये सुलतान, बेडरूममध्ये टिकली. पंचवीस मिनिटं. मग दारं उघडायच्या आधी वाट्या उचलायच्या आणि उरलेलं वजन करून वहीत लिहायचं. पाण्याची भांडी मात्र कधीच उचलायची नाहीत. ती घरभर पाच ठिकाणी आहेत. परदेशात कॉलरवरची चिप ओळखून त्याच मांजरासाठी झाकण उघडणारी भांडी मिळतात, म्हणे. आम्ही टिकलीसाठी एक खोका घेतला आणि त्याला तिच्या अंगाचं भोक पाडलं. बाथरूममध्ये कुणी आंघोळीला गेलं असेल तेव्हा ती खोक्यात जेवते. सुलतान बाहेर बसून भोकात पंजा घालतो, डोकं काही आत जात नाही.

दिवसातून दोनदा की चारदा, यावर बरीच मतं आहेत. मला चार पटतं. रानातलं मांजर दिवसाला आठ-दहा उंदरांएवढी लहान लहान शिकार करून खाणारं. एकदम पोटभर जेवून दिवसभर पडून राहणं ही वाघाची रीत, मांजराची नव्हे. वाढतं पिल्लू तर तीन-चारदा जेवलंच पाहिजे. आजारी म्हातारीला एका वेळी थोडंच जातं. आणि सुलतानला चारदा मिळालं की आपण उपाशी आहोत असं त्याला कमी वेळा वाटतं. साधारण चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास कॅलरी पुरतात. कोरड्या दाण्यांत मोजलं तर पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एक लहान वाटीसुद्धा होत नाही. आम्ही सुलतानला किती घालत होतो, ते पहिल्यांदा काट्यावर ठेवलं तेव्हा नवरा म्हणाला, "काटा बिघडलाय." काटा ठीक होता. आता त्याचं वजन आठवड्याला एक टक्का, एवढ्या बेतानेच उतरवतोय. त्याला घाईने उपाशी ठेवलं तर राणीचंच व्हायचं.

वेळांची नावं नमाजची ठेवली त्यात धार्मिक असं काही नाही. अम्मी घड्याळ बघत नाही, इतकंच. दुपारची पाळी तिच्याकडे असते, तिच्या हिशेबाने दिवसाचे तुकडे नमाजनेच पडतात. फजर वर्षभरात तासाभराहून जास्त मागेपुढे सरकते, पण रोज मिनिटा-मिनिटाने सरकते, मांजरांना पत्ता लागत नाही. भोंगे उतरले तेव्हापासून अम्मी अजान मोबाइलवर ऐकते, आणि आता मोबाइलमध्ये अजान झाली की सुलतान जिथे असेल तिथून धावत येऊन बाथरूमच्या दारात बसतो. अम्मी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणते, "ह्या घरात वक्ताचा पाबंद एकच आहे."

रमजानमध्ये हे गणित आणखी सोपं होतं असं मला वाटायचं. सगळं घरच पहाटे उठलेलं असतं, सहेरीबरोबर त्यांची पहिली वाटी होते. अडचण दुपारी येते. फेब्रुवारी-मार्चच्या रमजानमध्ये मुंबईत सहेरी ते इफ्तार जवळजवळ तेरा तास होतात. त्यांच्या मधोमध नूरीचं पाउच कोमट पाण्यात ठेवून गरम करायचं, कारण गार दिलं तर ती हुंगूनही बघत नाही. त्या उघडलेल्या पाउचचा वास रोजात डोक्यात जातो. एकदा मी म्हटलं, हिची दुपार महिनाभर बंद केली तर? अम्मी म्हणाली, "आजाऱ्याला रोजा माफ असतो. ती तर आजारी पण आहे, आणि मांजर पण आहे."

हे सगळं ऐकून गेल्या वर्षी एका ओळखीच्या काकांनी मला जरा रागानेच विचारलं, "माणसं उपाशी मरतात आणि तुम्ही मांजराचं अन्न तोलता? हा इसराफ नाही?" इसराफ म्हणजे उधळपट्टी, आणि आपल्याकडे ती गुन्ह्यात मोडते. प्रश्न चुकीचा नाही. नूरीचं खाद्य महाग आहे आणि ते घेताना दर वेळी मला थोडं अवघडल्यासारखं होतं. पण तोलणं ही उधळपट्टी कशी? आधी आम्ही रोज मुंग्या लागलेले दाणे कचऱ्यात ओतत होतो, सुलतानच्या अंगावर दोन किलो चरबी विकत घेऊन चढवत होतो, आणि मग ती उतरवायला डॉक्टरांना पैसे देत होतो. उधळपट्टी ती होती. काटा आल्यापासून खर्च कमी झालाय, वहीत आहे.

खरं तर काकांना जे म्हणायचं होतं ते वेगळं: मांजराला खाऊ घालणं हे सवाबचं काम, त्यात हिशेब कसला? मूठभर टाकावं, दुवा घ्यावी. आपल्या समाजात मांजरांवर माया आहेच. प्रेषितांच्या (स.) मुएझ्झा नावाच्या मांजरीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती त्यांच्या अंगरख्याच्या बाहीवर झोपली होती, नमाजला उठायचं होतं, तेव्हा त्यांनी तिला न उठवता बाही कापली. गोष्ट गोड आहे. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती सापडत नाही. बाही कापल्याची गोष्ट बाराव्या शतकातले सूफी अहमद रिफाई यांच्याबद्दलही सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ती दर महिन्याला नव्या फोटोसह फिरते, आणि बुखारी-मुस्लिममध्ये जी आहे ती मात्र कुणी पाठवत नाही, कारण ती गोड नाही.

ती अशी: एका बाईला मांजरीपायी आखिरतमध्ये सजा झाली. तिने मांजर कोंडून ठेवलं होतं. तिने त्याला खायला घातलं नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला सोडलंही नाही.

ही हदीस आपण क्रूर बाईची गोष्ट म्हणून ऐकतो आणि सुटतो. मी तशी नाही, मी तर रोज दाणे घालते. पण त्यातला दोष नीट बघा. सोडलं असतं तर मांजराने आपलं पोट आपण भरलं असतं. कोंडलं, म्हणून त्याच्या पोटाची जबाबदारी पूर्णपणे कोंडणाऱ्यावर आली. आता अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, कुठल्याही मांजरवाल्या घराच्या खिडक्या बघा: जाळ्या. सहाव्या मजल्यावरून मांजर पडू नये म्हणून त्या लावायलाच हव्यात, आमच्याकडेही आहेत. पण त्या जाळ्यांच्या आत जन्म काढणारं मांजर म्हणजे कोंडलेलं मांजरच. त्याला उंदीर मिळणार नाही, झुरळही आम्ही औषध मारून संपवलं. आजारी पडल्यावर गवत खायचं म्हटलं तर तेही कुंडीत आपण लावलं तर. त्याने काय खावं, किती खावं, कधी खावं, यातलं काहीही त्याच्या हातात नाही. अशा वेळी वाटी भरून ठेवून "घे बाई, हवं तेवढं खा" म्हणणं याला मी मोकळीक म्हणणार नाही. जबाबदारी घेऊन ती वाटीवर ढकलणं आहे ते.

दुसरी एक हदीस अबू दाऊद आणि तिरमिझीत आहे, ती मला फार आवडते. अबू कतादा वुजूला बसले होते. मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिरपं धरलं आणि त्याला पाणी पिऊ दिलं. सून आश्चर्याने बघत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रेषितांनी मांजराला नापाक मानलेलं नाही, ती घरात तुमच्या अवतीभवती वावरणारी आहेत. मला त्यातलं भांडं तिरपं धरणं दिसत राहतं. तो माणूस समोर बसून होता, ते मांजर पाणी पीत होतं की नाही हे त्याला दिसत होतं.

वेळेवर, ठरलेल्या जागी, जबाबदार माणसाने खायला घालणं ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे. तेराव्या शतकात इजिप्तचा मामलूक सुलतान बैबर्स याने काहिरात आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांसाठी वक्फ केली. एडवर्ड लेन नावाचा इंग्रज विद्वान एकोणिसाव्या शतकात तिथे राहिला होता. त्याच्या १८३६ च्या पुस्तकात याची नोंद आहे. त्याच्या काळापर्यंत ती बाग विश्वस्तांनी आणि घेणाऱ्यांनी इतक्यांदा विकली होती की मांजरांच्या नावाने वर्षाला जेमतेम १५ पियास्टर उरले होते. (वक्फच्या जमिनींचं काय होतं हा प्रश्न काही आजचा नाही.) तरी मांजरांचं जेवण बंद पडलं नाही. तो भार काझीवर आला, आणि रोज दुपारनंतर न्यायालयाच्या अंगणात मांसाचे तुकडे आणून मांजरांना हाक मारली जाई. शहराचा न्यायाधीश, ठरलेली वेळ, ठरलेलं अंगण. मामूंना हे पुढच्या ईदला ऐकवणार आहे.

आता "घरचंच घाला, पूर्वी कुठे होती पाकिटं" म्हणणाऱ्यांबद्दल. पूर्वीचं मांजर भात-मासळीवर जगत नव्हतं, ते भात-मासळी खाऊन वर उंदीर मारत होतं. उंदराचं मांस, काळीज, हाडं यांतून त्याला टॉरिन मिळायचं. हा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही आणि धान्य-भाज्यांत तो जवळजवळ नसतोच. त्याच्या अभावी मांजराचं हृदय निकामी होतं हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं, तेही बाजारातली पाकिटं खाणाऱ्या मांजरांवरून. त्यानंतर कंपन्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं. म्हणजे पाकीट आहे म्हणून सगळं आलबेल असंही नाही, आणि कोंडलेल्या मांजराला नुसता भात-सुकट चालेल असंही नाही. आमच्याकडे मासळी येतेच. चार बंगल्याच्या बाजारात कोळीण मांदेली घेताना विचारते, "मांजरांना मुंडकी हवीत?" मी घेते, पण उकडून, काटा काढून, आणि फक्त टिकली-सुलतानला, आठवड्यातून एकदा. काही कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, शिजवलं की ते निकामी होतं. सुकट नूरीला अजिबात नाही, त्यातलं मीठ तिला झेपत नाही. दूध कुणालाच नाही. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं कालवण तर विषच. बकरी ईदला लोक प्रेमाने कलेजीची ताटली आणतात, मी घेऊन फ्रीजरमध्ये ठेवते आणि दोघांना बोटाच्या पेराएवढी देते. गोडाची तर गंमतच आहे, मांजराला गोड चवच कळत नाही. त्यामुळे शिरखुर्म्याच्या वाटीत तोंड घालणारी टिकली साय शोधत असते, साखर नव्हे.

मांजराला शाकाहारी करू पाहणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण एक किस्सा सांगते. माझी एक मैत्रीण घाटकोपरला भाड्याने राहते. जातीने-धर्माने ती त्या सोसायटीला चालणारी आहे. करारात लिहिलंय की घरात मांसाहार शिजवायचा नाही. तिची मांजर ट्यूना आणि चिकनची पाउच खाते. सगळ्या मजल्याला ते ठाऊक आहे, शेजारच्या आजी तर मैत्रीण गावाला गेली की स्वतः पाउच फोडून वाढतात, नाकाला पदर लावून. "मुक्या जिवाला काय, त्याला जे लागतं ते दिलंच पाहिजे," असं त्या म्हणतात. मला त्या आजींबद्दल खरोखर आदर आहे. त्याच बिल्डिंगमध्ये घर बघायला मी गेले होते. नाव विचारल्यावर पुढचं बोलणं झालं नाही. ट्यूनाला ना हरकत आहे.

घराबाहेरच्या मांजरांनाही मी हेच लावते, आणि त्यावरून आमच्या बिल्डिंगमध्ये माझं दोन्ही बाजूंशी भांडण आहे. एक बाजू म्हणते, कंपाउंडमध्ये खायला घालूच नका. दुसरी बाजू, म्हणजे आपलेच सवाबवाले, जिन्यावर बिर्याणी ओतून जातात. हाडांसकट, मिरचीसकट, आणि रात्री तिथे घुशी जेवतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला विसावा नियम सोसायट्यांना सांगतो की परिसरातल्या जनावरांना खाऊ घालण्यासाठी जागा आणि वेळ ठरवून द्या: जिना नको, येण्याजाण्याचं दार नको, मुलांच्या खेळण्याची जागा नको. खाऊ घालणाऱ्याने नंतर जागा साफ ठेवायची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत ठरलेल्या जागीच खायला घालायला सांगितलं. सगळा गदारोळ कुत्र्यांवर झाला, मांजरांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आम्ही पाण्याच्या टाकीमागचा कोपरा ठरवला आहे. सकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ. अर्ध्या तासात वाट्या उचलायच्या. याचा एक फायदा असा झाला की कोणतं मांजर आलं नाही ते कळतं. वॉचमन काका मला रात्री सांगतात, "मॅडम, काळा आज नाही आला." असं कळल्यामुळेच दोघांना पकडून वेळेत डॉक्टरकडे नेता आलं. आणि कोणाची नसबंदी राहिली आहे तेही, कारण ठरल्या वेळी येणारं मांजर पकडता येतं.

जिन्यावरच्या बिर्याणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मी चौथ्या मजल्यावरच्या खालांना दोनदा सांगितलं. त्या म्हणतात, "माझी आई टाकायची, मी टाकते." तिसऱ्यांदा मी त्यांना साडेनऊला खाली बोलावलं आणि उकडलेल्या चिकनची वाटी हातात दिली. त्या बसल्या, मांजरं आली. काळ्याला त्यांनी ओळखलं, "हा तर आमच्या दारात येतो." आता त्या आठवड्यातून तीनदा खाली येतात. बिर्याणीही टाकतात, पण हाडं काढून, कोपऱ्यात. मी सध्या एवढ्यावर थांबले आहे.

नूरीचं वजन या महिन्यात शंभर ग्रॅमने उतरलं. डॉक्टरांनी जोहरचं कमी करून इशाला वाढवायला सांगितलंय, रात्री तिला जास्त जातं म्हणून. फ्रिजवरचा कागद परवा बदलला. काल तिने फजरला सात ग्रॅम सोडलं, मगरिबला सगळं संपवलं. अम्मीने वहीत लिहून ठेवलंय, आणि पुढे कंसात: "दुपारी माझ्या ताटाशी आली होती. दिलं नाही."